आधी टेप, मग ट्रॅक्टर

राहात्यात कुणी छोटा ट्रॅक्टर घ्यायचं मनावर घेतलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती एचपीचा घेऊ?’ बाजार समितीत पेरूचे क्रेट उतरवताना हा प्रश्न निघतो, डेअरीवर दूध घालून परतताना निघतो आणि ऐकणाराही तिथल्या तिथं आकडा सांगून मोकळा होतो. पंधराचा बास. नको, चोवीसचा घे. घ्यायचाच तर मोठा घे, पुढं भाड्यानं चालव. चार-पाच लाखांचा व्यवहार, तोही बहुतेक घरांत कर्ज काढून केलेला, आणि निर्णय एका आकड्यावर. मला हे मनापासून खटकतं. तीन-चार एकरांच्या घरात चुकीचं यंत्र आलं तर त्याचा हप्ता वर्षानुवर्षं पेरूच्या पट्टीतून कापला जातो.

एचपीचा प्रश्न विचारायचाच नाही असं नाही, पण त्याची जागा यादीत चौथी-पाचवी आहे. त्याच्या आधी जमीन, तिच्यावरचं पीक आणि मागं जोडायचं अवजार, या क्रमानं गेलं की ट्रॅक्टर जवळजवळ आपोआप ठरतो.

म्हणून आधी जमीन डोळ्यांपुढं आणू. नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघालेला गोदावरी उजवा कालवा राहात्याच्या भागाला पाणी देतो. लोणीकडची बाजू प्रवरेच्या कालव्यांवर, म्हणजे 1926 साली पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणावर, पोसली. त्या पाण्यावर ऊस आला आणि त्या उसावर 1950 साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. राहात्याच्या अवतीभवती मात्र नाव झालं ते पेरूचं. तालुक्यातल्या जिरायती गावांकडं निळवंड्याचं पाणी आता कुठं येऊ लागलंय. डाव्या कालव्याचं लोकार्पण 2023 च्या ऑक्टोबरात झालं. माती बहुतेक ठिकाणी मध्यम ते भारी काळी, ओली असताना पायाला चिकटणारी आणि वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. आणि तुकडे लहान. 2015-16 च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातलं सरासरी खातं 1.34 हेक्टरचं निघालं, म्हणजे सव्वातीन ते साडेतीन एकर. तेही एका जागी असेल असं नाही. भावाभावांच्या वाटण्यांत एक तुकडा पाटाच्या कडेला, दुसरा रस्त्यापलीकडं.

हिशेबासाठी असंच एक घर धरून चालू. दीड एकर पेरू, एक एकर ऊस, अर्ध्या एकरात घास आणि मका, गोठ्यात चार-पाच संकरित गाई. एकूण तीन एकर. आता या घरानं ट्रॅक्टरच्या शोरूमला जाण्याआधी तीस मीटरचा टेप घेऊन बागेत उतरावं.

पेरूची जुनी बाग वीस बाय वीस फुटांची. एकरी शे-सव्वाशेच झाडं, मधे बैलगाडी उभी राहील एवढी मोकळीक. अशा बागेत मोठा ट्रॅक्टरही फिरतो, फक्त फांद्या मोडतो. नंतर लागवडी दाट होत गेल्या. दहा बाय सहा फुटांवर लावली तर एकरात सव्वासातशे झाडं बसतात. दोन बाय एक मीटरच्या अतिदाट पद्धतीत ती दोन हजारांवर जातात. कागदावर दोन ओळींमधलं अंतर दहा फूट असतं, पण ट्रॅक्टर कागदावर चालत नाही. झाडाचा घेर दोन्ही बाजूंनी तीन-तीन फूट आत आला की उरते चार फुटांची गल्ली. म्हणून टेप खोडापासून खोडापर्यंत धरू नये, फांदीच्या टोकापासून समोरच्या फांदीच्या टोकापर्यंत धरावा. तोही छाटणीनंतर नाही, तर फळांनी फांद्या वाकलेल्या असताना, कारण फवारणीला ट्रॅक्टर लागतो तो नेमका तेव्हाच.

या वर्गातल्या बहुतेक ट्रॅक्टरांची एकूण रुंदी सव्वातीन ते चार फुटांत बसते. महिंद्राचा युवराज 215 आणि स्वराज 717 हे पंधरा एचपीचे, एका सिलेंडरचे. व्हीएसटी शक्तीचा 180 डी साडेअठरा एचपीचा, पण तीन सिलेंडरचा आणि वजनाला हलका. कुबोटाचा निओस्टार ए211एन एकवीस एचपीचा, चारही चाकांना जोर असलेला. महिंद्राचा जिवो 245 चोवीस एचपीचा. द्राक्षबागांसाठी तो ओळखीचा आहे. याहून अरुंद म्हणजे 2021 साली आलेला स्वराज कोड. अकरा एचपी, पेट्रोलवर चालणारा, रुंदी जेमतेम तीन फूट. तो मुख्यतः भाजीपाल्याच्या ओळींतल्या आंतरमशागतीसाठी बनवलाय. ही नावं ओळखीसाठी दिली. यातलं कुठलं घ्या असं मी सांगणार नाही, कारण तुमची गल्ली मी मोजलेली नाही.

रुंदीबद्दल एक गोष्ट अनुभवानं सांगतो. बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरांची मागची चाकं उलटसुलट बसवून किंवा रिमची जागा बदलून दोन चाकांमधलं अंतर कमी-जास्त करता येतं. माहितीपत्रकात छापलेली रुंदी बहुतेक वेळा सगळ्यात अरुंद मांडणीची असते. आमच्याकडं यंत्र आलं ते रुंद मांडणीत बसवलेलं. पहिल्याच फेरीत टायरनं ठिबकची नळी ओढून नेली आणि चार झाडांच्या सालीला ओरखडे पडले. चूक आमचीच होती. घेण्याआधी उभ्या यंत्राला टेप लावायला हवा होता, तो आम्ही कागदाला लावला.

उंचीकडं तर कुणाचं लक्षच जात नाही. पेरूची फांदी खाली येते, आणि बॉनेटवर उभा असलेला सायलेन्सर नेमका तिच्यात घुसतो. फळाला धक्का बसतो, पानं धुरानं आणि उष्णतेनं करपतात. बागेसाठी सायलेन्सर खालून किंवा बाजूनं काढलेला हवा; काही कंपन्या तसा देतात, काहींचा बदलून मिळतो. चालवणाऱ्याचं डोकंही याच हिशेबात धरायचं. सीटवर बसलेल्या माणसाच्या डोक्याची जमिनीपासूनची उंची मोजा आणि तेवढ्या उंचीची काठी घेऊन ओळीतून चालत जा. काठी जिथं अडेल तिथं रोज कपाळ अडणार आहे.

तिसरं माप ओळीच्या टोकाचं. लागवड करताना आपण बांधाला लागून शेवटचं झाड लावतो, एक झाडसुद्धा कमी नको म्हणून. मग ट्रॅक्टर वळवायचा कुठं? छोटा ट्रॅक्टर मागं अवजार उचललेलं असताना दहा-बारा फुटांत सुखानं वळतो, मागं ओढायची टाकी असेल तर जास्त लागतात. 132 बाय 330 फुटांचा एक एकराचा तुकडा धरला आणि दोन्ही टोकांना बारा-बारा फूट मोकळे सोडले तर जवळपास तीन गुंठे जातात. तीन गुंठे ऐकून जीव वरखाली होतो, हे मला ठाऊक आहे. पण ते सोडले नाहीत तर प्रत्येक ओळीतून मागं-मागं यावं लागतं, आणि मग ट्रॅक्टर असूनही फवारणी पाठीवरच्या पंपानं होते. नवीन लागवड करणाऱ्यानं हे आधी ठरवावं. जुन्या बागेत कडेचं एकेक झाड काढायची तयारी नसेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही, सरळ पॉवर टिलर पाहावा.

उसाचं माप वेगळं. तीन फुटांच्या सरीत कुठलाच चारचाकी ट्रॅक्टर आंतरमशागतीला शिरत नाही. साडेचार-पाच फुटांच्या पट्ट्यात छोटा ट्रॅक्टर दोन-अडीच महिन्यांपर्यंत चालतो, बाळबांधणी करून देतो. पुढं ऊस वाढला की त्याचं काम संपलं. साडेचार-पाच फुटांची सरी नसेल तर उसासाठी म्हणून मिनी ट्रॅक्टर घेण्यात अर्थ नाही.

आता एचपी. बैलजोडी म्हणजे साधारण एक एचपी, किंबहुना त्याहून थोडं कमीच. मग पंधरा एचपीचा ट्रॅक्टर पंधरा बैलजोड्यांएवढं ओढेल असं वाटतं. तसं होत नाही. का होत नाही, हे एकदा नीट कळलं की निम्म्या जाहिराती आपोआप निकाली निघतात.

ट्रॅक्टर ओढतो तो चाक जमिनीला धरून. इंजिनात ताकद कितीही असो, चाकाखालची माती सुटली की सगळं फुकट. चाकाची पकड ठरते त्याच्यावर पडलेल्या वजनावरून. आठशे किलोचा, मागच्या दोनच चाकांना जोर असलेला ट्रॅक्टर घ्या. मागच्या चाकांवर साधारण साठ टक्के वजन येतं, म्हणजे पाचशे किलोच्या आत-बाहेर. भुसभुशीत शेतात त्यातलं निम्मंच ओढीला कामी येतं. म्हणजे ओढ अडीचशे किलोपर्यंत. ताशी चार किलोमीटर वेगानं अडीचशे किलो ओढलं तर ती ताकद भरते पावणेचार एचपीच्या आसपास. उरलेले अकरा एचपी इंजिनात बसून राहतात, किंवा चाक जागेवर फिरवण्यात आणि टायर झिजवण्यात जातात.

दुसऱ्या बाजूला मातीचा हट्ट बघा. भारी काळ्या मातीत नांगराला दर चौरस सेंटिमीटर कापाला अर्धा ते पाऊण किलोपर्यंत ओढ लागते. एका फाळाचा पलटी नांगर, फूटभर रुंद आणि आठ इंच खोल चालवायचा तर साडेतीनशे-चारशे किलो ओढ हवी. अडीचशेची ताकद आणि चारशेची गरज. पंधरा एचपीच्या जागी वीस एचपीचं इंजिन बसवलं, वजन तेच ठेवलं, तर हा आकडा हलत नाही. वजन वाढवलं किंवा पुढच्या चाकांनाही जोर दिला तर हलतो. तोच आठशे किलोचा ट्रॅक्टर चारचाकी जोराचा असेल तर ओढ साडेतीनशेच्या पुढं जाते, कारण सगळंच वजन कामाला लागतं. काळ्या मातीत फोर व्हील ड्राइव्हला जास्तीचे पैसे का द्यायचे याचं उत्तर हे आहे. पाणी दिल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी, वरून वाळलेल्या पण खाली ओल धरलेल्या बागेत शिरायचं असेल तर पुढची चाकं नुसती घरंगळणारी असणं आणि ओढणारी असणं यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. हलक्या, मुरमाड जमिनीत मात्र तेवढाच फरक पडेल असं नाही. तिथं दोन चाकांवर भागतं आणि देखभालही कमी.

मग छोटा ट्रॅक्टर करतो काय? तो फिरवण्याच्या कामात वाघ आहे. मागच्या बाजूला पीटीओचा दांडा मिनिटाला 540 फेरे घेतो आणि त्यावर रोटाव्हेटर, फवारणीचा पंप, ब्लोअर, कुट्टी मशीन अशी अवजारं चालतात. या कामांत ताकद चाकातून जात नाही, दांड्यातून थेट अवजारात जाते. रोटाव्हेटर तर उलट मदत करतो; त्याची पाती चाकाच्याच दिशेनं फिरतात आणि ट्रॅक्टरला पुढं ढकलतात. म्हणून आठशे किलोचं यंत्र नांगराला हरतं आणि रोटाव्हेटरला जिंकतं.

त्यामुळं दुकानात विचारायचा आकडा इंजिनच्या एचपीचा नाही, पीटीओच्या एचपीचा. गिअर आणि पंप यांत काही ताकद खर्ची पडते. इंजिनच्या मानानं पीटीओवर दहा ते वीस टक्के कमी मिळते. दोन ट्रॅक्टरांवर एकच आकडा रंगवलेला असला तरी दांड्यावर फरक असू शकतो. हा फरक विक्रेत्याच्या तोंडून कळायची वाट पाहू नये. मध्य प्रदेशात बुदनी इथं केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. तिथं ट्रॅक्टरची पीटीओवरची ताकद, ओढ, लिफ्टची क्षमता, इंधनाचा खप असं सगळं मोजून अहवाल तयार होतो. विक्रेत्याकडं त्या मॉडेलचा अहवाल मागा. बरेच जण मागतच नाहीत, म्हणून दाखवायची पद्धत पडलेली नाही. अहवाल इंग्रजीत असतो, पण आकडे वाचायला कृषी पदविकेला शिकणारा घरातला मुलगा किंवा मुलगी पुरते. बाभळेश्वरचं कृषी विज्ञान केंद्र आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आपल्या अंगणातच आहेत. विद्यापीठाचं कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयही राहुरीतच. पाच लाखांच्या निर्णयासाठी तिथं एक खेप मारायला काय हरकत आहे?

डिझेलचाही अंदाज घरबसल्या काढता येतो. पूर्ण भारावर एका एचपीला तासाला पाव लिटरपेक्षा थोडं कमी डिझेल लागतं. दांड्यावर बारा-तेरा एचपी पूर्ण वापरात असतील तर तासाला तीन लिटरच्या आत-बाहेर; हलक्या फवारणीला त्याच्या निम्मं. ‘तासाला लिटरभरात रोटाव्हेटर मारतो’ असं कुणी सांगितलं तर तो एक तर चार इंच खोली धरत नसेल किंवा त्याच्याकडं घड्याळ नसेल.

रोटाव्हेटरची रुंदीही इथंच ठरते. पंधरा-अठरा एचपीला तीन फुटी, चोवीसच्या पुढं चार फुटी. ताशी तीन किलोमीटर वेग धरला आणि वळणा-थांबण्याचा चौथा हिस्सा वजा केला तर तीन फुटी रोटाव्हेटर तासाला वीस गुंठे करतो, चार फुटी सत्तावीस. एकराला दोन तास की दीड तास, एवढाच फरक. आपल्या दीड एकराच्या पेरूत तो वर्षाला दोन-चार तासांचा. चार फुटांच्या गल्लीत चार फुटी रोटाव्हेटर बसतच नाही, हे वेगळंच. अवजार टायरच्या बाहेर दोन्हीकडं बोटभर गेलं तरी पुरे. त्यानं चाकाच्या खुणा मोडतात. त्याहून रुंद अवजार खोडाजवळची पेरूची मुळं तोडतं. पेरूची अन्न घेणारी मुळं वरच्या थरातच असतात, म्हणून बागेत रोटाव्हेटर उथळच चालवावा आणि खोडाजवळ अजिबात नेऊ नये.

लिफ्टबद्दल थोडक्यात. माहितीपत्रकातला उचलण्याचा आकडा बहुतेक वेळा लिफ्टच्या दांड्यांच्या टोकाशी मोजलेला असतो, पण टाकीचं वजन त्याच्याही मागं दोन-अडीच फुटांवर असतं. दोनशे लिटरची टाकी, पंप आणि चौकट मिळून तीनशे-साडेतीनशे किलो होतात. लिफ्ट उचलेलही, पण मग पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळ जातो. पुढच्या बंपरवर वजनं लावायची सोय आहे का, आणि ती वजनं किमतीत धरली आहेत का, हे आधीच लिहून घ्यावं.

आता जे बोलायला कुणाला आवडत नाही ते, म्हणजे वर्षाला किती तास?

आपल्या तीन एकरांचा हिशेब मांडला की तो शंभराच्या पुढं जायला कष्ट पडतात. पेरूत वर्षातून तीन-चार वेळा तण मोडणं, बहाराप्रमाणं दहा-पंधरा फवारण्या, उसाची एखादी बांधणी, घासाच्या वाफ्यांची तयारी, शेणखताच्या काही खेपा, गाईंच्या मक्याची कुट्टी. शंभर तास धरू. ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, फवारणीचा पंप मिळून पाच लाख आणि दहा वर्षांनी जुन्याचे दीड लाख येतील असं मानलं, तर वर्षाची झीज पस्तीस हजार. गुंतलेल्या पैशाचं नऊ टक्क्यांनी व्याज एकोणतीस हजारांवर. विमा, तेल, फिल्टर, टायर, दुरुस्ती यांना पंधरा-सोळा हजार ठेवले तर बेरीज ऐंशी हजार. शंभर तासांना वाटले तर तासाला आठशे रुपये, आणि हे डिझेल न टाकता, नुसतं यंत्र दारात उभं असल्याचे. हेच तीनशे तास चाललं तर तासाला पावणेतीनशे. आकडे माझे धरलेले आहेत. प्रत्येकानं आपले घालून कागदावर बेरीज करावी. नंतर गावात भाड्यानं रोटाव्हेटर किंवा ब्लोअर तासाला कितीला मिळतो ते विचारून शेजारी लिहावं.

एकट्या तीन एकरांवर मिनी ट्रॅक्टर बहुतेक वेळा परवडत नाही, हे सरळ सांगतो. परवडतो तो दोन-तीन भावांच्या नऊ-दहा एकरांवर, किंवा शेजारच्या बागांची फवारणी घेतली तर. वाटण्या झालेल्या भावांनी मिळून यंत्र घेणं अवघड असतं, कारण पाऊस उघडला की फवारणी सगळ्यांना एकाच दिवशी हवी असते. तरीही मला तो मार्ग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, फक्त पाळी आणि डिझेलची वही पहिल्या दिवसापासून ठेवायची. स्वतःचं यंत्र घेण्याच्या बाजूनं एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. बागेत वेळेला किंमत आहे. फळं भरताना पिठ्या ढेकूण दिसला आणि भाड्याचा ब्लोअर चौथ्या दिवशी आला, तर त्या चार दिवसांचं नुकसान तासाच्या हिशेबात बसत नाही. ज्याच्या घरात पेरूवरच सगळं चालतं त्यानं हे धरून थोडा महाग तास सोसला तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

उन्हाळ्यातली खोल नांगरट, ऊस काढल्यावरची मशागत, पाचट कुट्टी, शेणखताची मोठी ट्रॉली ही कामं मात्र भाड्याच्या मोठ्या ट्रॅक्टरला द्यावीत. वर्षातून एक-दोनदा लागणाऱ्या नांगरटीसाठी पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर दारात बांधायचा आणि बागेत तो शिरत नाही म्हणून फवारणीला माणसं लावायची, ही चूक मी अनेक घरांत पाहिली. त्याच्या उलट चूकही होते. मिनी घेतलाय म्हणून त्यालाच नांगर जोडतात आणि दुसऱ्या हंगामात क्लच-प्लेट बदलायला जातात.

पॉवर टिलरची शिफारस मी वर केली. तेरा एचपीचा टिलर स्वस्त पडतो आणि अरुंद जागेत शिरतो. पण त्याच्यामागं दिवसभर चालावं लागतं, आणि काळ्या ढेकळांत हँडल धरून दंड भरून येतात. घरात तरणं माणूस असेल आणि क्षेत्र दीड-दोन एकर असेल तर तो उत्तम. घर चालवणारे आबा साठीचे असतील तर नको.

पैशाकडं वळू. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, टायर आणि सुट्या भागांवरचा अठरावरून पाचवर. चार लाख मूळ किमतीवर हा फरक अठ्ठावीस हजारांचा. कोटेशनमध्ये कर किती लावलाय ते पाहायला विसरू नका. कृषी यांत्रिकीकरणाच्या अनुदानाचा अर्ज महाडीबीटीवर करायचा असतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतल्या बचत गटांसाठी समाजकल्याण विभागाची मिनी ट्रॅक्टरची वेगळी योजना आहे. तिच्यात साडेतीन लाखांच्या मर्यादेत नव्वद टक्के, म्हणजे तीन लाख पंधरा हजारांपर्यंत अनुदान ठरवलेलं होतं. मर्यादा आणि अटी बदलत राहतात, म्हणून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं जाऊन चालू वर्षाच्या अटी वाचाव्यात. पूर्वसंमतीचं पत्र हातात येण्याआधी खरेदी करू नये. आधी यंत्र आणून नंतर अनुदानाच्या मागं लागलेल्यांचं अनुदान गेलं आहे.

सुट्या भागांची चौकशी विक्रेत्याकडं करू नका, मेकॅनिककडं करा. फिल्टर, क्लच-प्लेट, वॉटर पंप ही नावं घेऊन विचारायचं, राहात्यात मिळतं का, की नगरहून मागवावं लागतं, किती दिवसांत. एका सिलेंडरचं इंजिन हादरे देतं, आवाज करतं, पण गावचा मिस्त्री ते उघडून बसवतो. तीन सिलेंडरचं मऊ चालतं, दिवसभर बसलेल्याची कंबर वाचते, पण बिघडलं तर जाणकार मेकॅनिकची वाट पाहावी लागते. बागेत वाळकी पानं आणि धूळ उडून रेडिएटरच्या जाळीत बसते. ती हातानं काढता येते का हे बॉनेट उघडून पाहावं.

एका बाबतीत मला काळजी वाटते ती लिहितो. ट्रॅक्टर अरुंद केला की तो बागेत शिरतो, आणि त्याच कारणानं लवकर कलंडतो. दोन चाकांमधलं अंतर जेवढं कमी तेवढा कडेला उलटायचा धोका जास्त, त्यात अर्धी भरलेली टाकी वळणावर पाण्यासकट एका बाजूला जाते. पाटाचा भराव, बांधाचा उतार, कठडा नसलेली जुनी विहीर या तीन जागा प्रत्येक शेतात कुठं आहेत ते सगळ्यांना माहीत असतं, तरी अपघात तिथंच होतात. डोक्यामागची लोखंडी चौकट फांद्यांना लागते म्हणून लोक काढून ठेवतात. दुमडता येणारी चौकट मागून घ्यावी, बागेत दुमडावी आणि बाहेर आल्यावर उभी करावी. पीटीओच्या दांड्यावरचं प्लास्टिकचं कवच तुटलं की नवीन घालावं. कुट्टी करताना पदर, ओढणी, धोतराचा सोगा, काहीही त्या दांड्यात गेलं तर ओढून घ्यायला वेळ मिळत नाही. मिनिटाला 540 फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. चाकावरच्या पत्र्यावर पोरांना बसवून शेतात नेणं आपल्याकडं कौतुकाचं असतं. ते बंद करावं.

शेवटी प्रात्यक्षिक. शोरूमच्या आवारात नाही, आपल्या बागेत मागायचं, आणि पाणी दिल्यानंतर चौथ्या दिवशी. आपल्या अवजाराच्या वजनाएवढी टाकी भरून, फळांनी वाकलेल्या ओळीतून ट्रॅक्टर नेऊन आणायचा. टोकाला वळवायचा, एकदा मागं घ्यायचा. मागचं चाक किती घसरतं ते एका ओळीत मोजता येतं. टायरवर खडूनं खूण करून दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती फूट गेला ते पाहायचं, आणि रस्त्यावर दहा फेऱ्यांत किती गेला त्याच्याशी ताडायचं. शेतातलं अंतर पंधरा टक्क्यांहून जास्त कमी भरलं तर वजन किंवा टायर कमी पडतोय. अर्धा तास रोटाव्हेटर चालवून झाला की खाली उतरून सालीवरचे ओरखडे बघायचे, फोडलेल्या ढेकळाखाली बोट घालून खोली बघायची. मग जो रोज चालवणार त्यानं, किंवा तिनं, स्वतः सीटवर बसून क्लच तळापर्यंत दाबायचा. पाय पुरत नसेल, गुडघा स्टिअरिंगला लागत असेल, तर ते तिथंच विक्रेत्याला सांगायचं. सीट पुढं-मागं होते का, हे विचारायला लाजायचं नाही.